उशिरा पोहोचलेले श्रोते

संगीताला वाहिलेल्या पानांवर एक मथळा वरचेवर वाचायला मिळतो : अमुक ज्येष्ठ संगीतकार दीर्घ विजनवासानंतर नव्या अल्बमसह परतला. या मथळ्यात एक गृहीतक दडलेले असते. कलावंत कुठेतरी निघून गेला होता आणि आता तो परत आला. आपण श्रोते मात्र इथेच, कान देऊन बसलो होतो. मुंबईचे सिंथेसायझरवादक चरणजित सिंग यांच्या बाबतीत हे गृहीतक पार उलटे पडते. २०१० साली, वयाच्या सत्तरीत, त्यांचे नाव जगभरच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या रसिकांत एखाद्या नवोदितासारखे दुमदुमले. निमित्त होते एका अल्बमचे. तो अल्बम ऐकणाऱ्यांना नवा होता. प्रत्यक्षात तो १९८२ साली ध्वनिमुद्रित झालेला होता. सिंग मधल्या काळात कुठेही गेलेले नव्हते. ते मुंबईतच होते. कुठे गेलोच असू तर आपण गेलो होतो.

हे प्रकरण वाचकांपैकी काहींना ठाऊक असेल. तरीही ते थोडक्यात सांगणे भाग आहे. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत साठच्या दशकापासून वाजवणारे वादक. गिटार, बास गिटार आणि पुढे सिंथेसायझर ही त्यांची वाद्ये. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन यांच्यासारख्या संगीतकारांकडे त्यांनी काम केले. अशा वादकाचे नाव तबकडीच्या वेष्टनावर येत नसे. गाणे गायकाचे, चाल संगीतकाराची, शब्द गीतकाराचे आणि पडद्यावरचा चेहरा नटाचा. वाजवणाऱ्याच्या वाट्याला त्या दिवसाचे मानधन. मुंबईच्या चित्रपटसंगीताचा तो रिवाजच होता. गोव्याच्या माजोर्ड्याहून आलेले अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक आणि संगीत संयोजक. प्यारेलाल त्यांचे शिष्य. त्यांचे नाव देशभर पोहोचले ते 'अमर अकबर अँथनी' या १९७७ सालच्या चित्रपटातील एका विनोदी गाण्यातून, आणि ते गुणगुणणाऱ्या बहुतेकांना त्या नावाचा खराखुरा माणूस आहे याची कल्पनाही नव्हती.

ऐंशीच्या दशकाच्या आरंभी सिंग यांनी जपानी रोलँड कंपनीची तीन यंत्रे मिळवली : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे खर्जातील सुरावट वाजवणारे छोटे यंत्र. यातील तिसरे यंत्र एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बासची साथ मिळावी म्हणून बनवलेले. म्हणजे स्वतः बास वाजवणाऱ्या माणसाने बासवादकाची गरज संपवणारे यंत्र विकत घेतले, असा हा विलक्षण योग. तो काळ डिस्कोचा होता. 'कुर्बानी' १९८० सालचा, नाझिया हसनचा 'डिस्को दीवाने' १९८१ सालचा आणि 'डिस्को डान्सर' १९८२ सालचा. चित्रपटांत सगळीकडे डिस्को चालला आहे, तर त्याच ठोक्यावर तबल्याविना राग वाजवून पाहावेत, असा साधा विचार त्यामागे होता, हे सिंग यांनी पुढे मुलाखतींतून सांगितले आहे. त्यातून 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट' ही ध्वनिमुद्रिका तयार झाली. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने ती काढली. ती खपली नाही. जुन्या तबकड्यांच्या ढिगांत ती पडून राहिली. २००२ साली एडो बाउमन या डच संग्राहकाच्या हाती ती दिल्लीच्या एका दुकानात लागली आणि २०१० साली त्याने आपल्या 'बॉम्बे कनेक्शन' या छोट्या संस्थेतर्फे तिची नवी आवृत्ती काढली.

येथून पुढची कथा अधिक प्रसिद्ध आहे. शिकागोच्या फ्यूचर या चमूचे 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' १९८७ सालचे. जपानी यंत्र बाजारात अयशस्वी ठरले, १९८४ साली त्याचे उत्पादन थांबले, वापरलेली यंत्रे स्वस्तात मिळू लागली, आणि शिकागोच्या तरुणांनी त्याच्या खुंट्या पिळून त्यातून एक चिरका, वळवळणारा नाद काढला. त्या नादावर 'अ‍ॅसिड हाउस' हा नृत्यसंगीताचा अख्खा पंथ उभा राहिला. आता त्याच यंत्रांचा, त्याच वळणाचा आवाज पाच वर्षे आधीच्या मुंबईच्या तबकडीवर ऐकू आल्यावर युरोप-अमेरिकेतील रसिक चक्रावून गेले. काहींना तर ही आजच्या कोणा खट्याळ संगीतकाराने केलेली बनवाबनवी वाटली. ती खरी असल्याची खात्री पटल्यावर 'अ‍ॅसिड हाउसचा आद्य जनक' ही पदवी सिंग यांना बहाल झाली. सत्तरी ओलांडलेला हा गृहस्थ युरोपातील मंचांवर जाऊन आपले राग पुन्हा वाजवू लागला. ५ जुलै २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. म्हणजे कौतुकाची म्हणून मिळाली ती उणीपुरी पाच वर्षे.

सिंग यांच्या वाट्याला ही पाच वर्षे आली याचा आम्हांला आनंदच आहे. तथापि त्यांना दिलेल्या पदवीशी आमचे भांडण आहे. 'आद्य' ठरवण्याचा हा सोस मुळात शर्यतीचा आहे, आणि शर्यतीची अंतिम रेषा शिकागोत आखलेली आहे. शिकागोत १९८७ साली काही घडलेच नसते, तर या तबकडीची किंमत शून्य ठरली असती काय? पदवी देणाऱ्यांच्या तर्कानुसार याचे उत्तर 'होय' असे येते. शिकागोच्या तरुणांनी सिंग यांना ऐकलेले नव्हते, सिंग यांनीही त्यांना ऐकलेले नव्हते. जनक म्हणावे तर वंश चालायला हवा. येथे वंश चाललाच नाही. आपल्याकडच्या वृत्तपत्रांनीही मग तीच पदवी आयात करून अभिमानाने मिरवली. जे संगीत आपल्या शहरात, आपल्या रागांवर तयार झाले, त्याकडे बघायचा चष्मा मात्र आपण परदेशातून मागवला.

वास्तविक या तबकडीने स्वतःचे नाव स्वतःच सांगितले आहे : दहा राग. तेव्हा ती राग म्हणून ऐकणे हीच तिला दिलेली खरी दाद. आम्ही ती तशी ऐकण्याचा प्रयत्न केला. पहिलाच धक्का क्रमाचा आहे. आपल्या मैफलीचा शेवट भैरवीने होतो. भैरवी सुरू झाली की श्रोते चपला शोधू लागतात. सिंग यांची तबकडी भैरवीने सुरू होते. मग ललत, मग एकदम संध्याकाळचा भूप, पुन्हा सकाळची तोडी, मधुवंती. दुसऱ्या बाजूला मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि शेवटी बैरागी. रागसमयाचे घड्याळ येथे बंद पडले आहे. काहींना हा अडाणीपणा वाटेल. आम्हांला त्यात ध्वनिमुद्रण-कक्षात आयुष्य घालवलेल्या माणसाची सवय दिसते. त्या कक्षांना खिडक्या नसतात. सकाळी विरहगीत आणि रात्री भूपाळी वाजवण्यात ज्याची वर्षे गेली, त्याला प्रहरांचे बंधन कसे उरावे?

दुसरी गोष्ट मींडेची. पेटीवर आपल्याकडे जो मोठा आक्षेप घेतला गेला तो हाच, की तिचे स्वर एकमेकांपासून तुटलेले. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे तिला जमत नाही. याच कारणास्तव १९४० पासून सुमारे तीन दशके आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. आता गंमत अशी, की टीबी-३०३ या यंत्रात एका स्वराला पुढच्या स्वरात घसरवण्याची सोय मुळातच आहे. ज्युपिटरमध्येही ती आहे. त्यामुळे या तबकडीवरील यंत्रांना जे साधते ते पेटीला साधत नव्हते. श्रुतींचे बारकावे अर्थातच हरवतात. बांधलेल्या पट्ट्यांच्या कोणत्याही वाद्याचे ते प्राक्तन आहे. परंतु ललत किंवा मालकंस ऐकताना स्वर वाकतात, लवतात, आणि खाली यंत्राची सुरावट तानपुऱ्यासारखी अखंड फिरत राहते, हा अनुभव खराखुरा रागाचा आहे. शिकागोच्या संगीतात खुंटी पिळणे हाच विषय आहे. सिंग यांच्या संगीतात ते फिरणे ही बैठक आहे आणि विषय तिच्यावर मांडलेली सुरावट आहे. या दोन गोष्टी कानाला सारख्या वाटल्या, तरी त्यांचे हेतू वेगळे आहेत.

दोषही सांगायला हवेत. पाचेक मिनिटांच्या अवधीत राग उघडतो न उघडतो तोच संपतो. विलंबिताला येथे जागाच नाही. सर्वांत मोठी उणीव तालाची : डिस्कोच्या ठोक्यात प्रत्येक मात्रा सारखीच वजनदार असते. तीनतालात खाली असते म्हणून समेची वाट पाहता येते. जेथे खालीच नाही तेथे समेवर येण्याचा आनंदही नाही. दहाही रागांना एकाच चालीने चालावे लागते आणि आठव्या-नवव्या रागापर्यंत कान थोडे थकतात. ही तबकडी श्रेष्ठ कलाकृती आहे असा आमचा दावा नाही. ती एका कसबी वादकाने, कोणी सांगितले नसताना, स्वतःच्या नावावर केलेले धाडस आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाण्यांत वाजवणाऱ्या माणसाने एकदा स्वतःला जे वाजवावेसे वाटले ते वाजवले. ते ऐकणारा भेटायला अठ्ठावीस वर्षे लागली.

एवढे लिहून आम्हांला थांबता आले असते. पण गेल्या वर्षी वर्गात घडलेल्या एका प्रसंगाने ते अशक्य करून टाकले.

आम्ही दोघेही नंदुरबार जिल्ह्यात महाविद्यालयात मराठी शिकवतो. लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेसाठी विद्यार्थ्यांना गाणी गोळा करायला पाठवणे हा आमचा वर्षानुवर्षांचा क्रम. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा या भागांतील मुले होळीच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत गावी जातात, भिली-पावरी गाणी टिपून आणतात. त्यांना द्यायच्या सूचनांत एक सूचना आम्ही न चुकता लिहीत आलो : ढोल, पावरी, बासरी यांच्या साथीची पारंपरिक गाणीच घ्यावीत, कॅसिओवरची गाणी घेऊ नयेत. आमच्या भागात कोणत्याही कंपनीचा कीबोर्ड असो, त्याला कॅसिओच म्हणतात. गुजरातच्या सीमेलगत लग्नाच्या मांडवात टिमली वाजते ती याच कॅसिओवर. वाजवणारा पोरगा पट्ट्यांवर पावरीच्या वळणाच्या सुरावटी काढतो, शेजारी ऑक्टापॅडवर ढोलाचे ठेके पडतात, आणि शेकडो माणसे हातात हात गुंफून रात्रभर नाचतात. हे सारे आम्ही पाहत होतो आणि लोकसाहित्याच्या वहीबाहेर ठेवत होतो.

त्या दिवशी आधुनिकता आणि परंपरा यांवर बोलण्याच्या ओघात आम्ही वर्गात सिंग यांचा मालकंस ऐकवला आणि त्यांची कथाही सांगितली. तास संपल्यावर मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी थांबला. तो सुट्टीत लग्नांत कॅसिओ वाजवून शिक्षणाचा खर्च भागवतो, हे आम्हांला तेव्हाच कळले. त्याने विचारले, "सर, रागाला कॅसिओ चालतो, मग आमच्या होळीच्या गाण्याला का चालत नाही?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. नंतर स्टाफरूममध्ये बसून आम्ही उत्तरे जुळवू लागलो तेव्हा लक्षात आले, की ती सारी पेटीवर बंदी घालणाऱ्यांची उत्तरे आहेत. वाद्य परके आहे. स्वर कृत्रिम आहे. जुने वाद्य त्याने हटवले जाते. मग आम्हांला आपल्या संगीत नाटकाचा ऑर्गन आठवला. तो पायपेटीचा सूर परदेशातूनच आला होता, आणि आज बालगंधर्वांचे नाट्यपद त्याच्याविना कल्पिताही येत नाही. गोविंदराव टेंब्यांनी पेटीला प्रतिष्ठा मिळवून दिली ती तिच्यावर हुकमत मिळवून. तिच्या जन्मस्थानाची चौकशी करीत बसून नव्हे. मध्यमवर्गीय मराठी माणसाने परके वाद्य घेतले की तो प्रयोग. आदिवासी तरुणाने घेतले की ती भ्रष्टता. हा भेद आम्ही मनाशी कधी उच्चारला नव्हता, तरी सूचनापत्रकात तो दरवर्षी छापत होतो.

आक्षेपांत तथ्य नाही असे नव्हे. कॅसिओ आणि कर्णे आल्यापासून मांडवातला ढोलवाला मागे पडला हे खरे. पावरी घडवणारे आणि फुंकणारे हात कमी झाले हेही खरे. रात्रभर चालणाऱ्या कर्कश आवाजाचा त्रास आम्हीही सोसतो. जुन्या वाद्यांची नोंद व्हायलाच हवी, आणि ती निकडीने व्हायला हवी. परंतु जुन्याची नोंद करण्यासाठी नव्याकडे पाठ फिरवलीच पाहिजे असे कोठे आहे? आपण ज्याला परंपरा म्हणतो ती एके काळी कोणाच्या तरी हातातील नवी वस्तू होती. आज मांडवात जे वाजते आहे त्याची नोंद आज कोणी केली नाही, तर तीस वर्षांनी ती करता येणार नाही. सिंग यांची निदान तबकडी होती. तिच्यावर नाव होते, कंपनीचा शिक्का होता, ढिगात पडून राहण्याइतके तिला अंग होते. आमच्या मांडवातील संगीत मेमरी कार्डावरून मोबाइलवर आणि एका मोबाइलवरून दुसऱ्यावर जाते. फाइलीला नाव असलेच तर मंडळाचे. पट्ट्यांवर बोटे कोणाची होती हे दुसऱ्या गावात कोणाला ठाऊक नसते. कार्ड खराब झाले की सारे संपते.

आमच्या खानदेशाला हा धडा नव्याने द्यायची गरज पडू नये. बहिणाबाई चौधरी १९५१ साली गेल्या आणि त्यांच्या गाण्यांचे पुस्तक १९५२ साली निघाले, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. सोपानदेवांनी ती गाणी जपली नसती तर असोद्याची ती शेतकरीण आपल्याला भेटलीच नसती. आज आमच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. उशिरा का होईना दखल घेतली याचे समाधान आपण मानतो. पण ज्याची नोंदच झाली नाही त्याची दखल उशिराही घेता येत नाही, हे सोयीस्करपणे विसरतो.

सिंग यांच्या कथेला 'पुनरागमन' म्हणताना आमची जीभ अडखळते ती याच कारणाने. त्या शब्दामुळे श्रोता निर्दोष सुटतो. कलावंत परतला की आपण हार घेऊन उभे राहतो, आणि मधली अठ्ठावीस वर्षे कोणाच्या खाती जमा करायची हा प्रश्न कोणी विचारत नाही. त्यातही सिंग भाग्यवान. त्यांना वृद्धापकाळी का होईना आपले राग लोकांना नाचताना ऐकवता आले. दिल्लीच्या त्या दुकानात एखादा डच संग्राहक येण्यावर एखाद्या कलेचे भवितव्य अवलंबून असावे, ही अवस्था ज्या समाजात आहे त्यातील मराठीच्या अध्यापकांनी, म्हणजे प्रथम आम्हीच, थोडे खजील व्हायला हरकत नाही.

या वर्षी सूचनापत्रकातून आम्ही ती ओळ काढून टाकली. नोंदीच्या तक्त्यात तीन नवे रकाने घातले : वाद्य कोणते, वाजवणाऱ्याचे नाव, त्याने ते कोणाकडून शिकले. मागच्या बाकावरच्या त्या विद्यार्थ्याने पहिली नोंद स्वतःचीच आणली. वाद्याच्या रकान्यात त्याने 'कॅसिओ' असे लिहिले होते. कोणाकडून शिकला, या रकान्यात त्याने आपल्या मामाचे नाव लिहिले होते, आणि कंसात पुढे : 'ते पावरी वाजवतात.'